फॉस्फो-बीटा-कॅटेनिनचा ब्लॉट: पेशी थांबवण्यापासून बँडची खात्री पटेपर्यंत

ब्लॉट म्हणजे पेशींतली प्रोटीनं जेलवर आकारानुसार वेगळी करायची, मेंब्रेनवर उतरवायची आणि हवं ते प्रोटीन अँटिबॉडीने पट्टा, म्हणजे बँड, म्हणून बघायचं. फॉस्फो म्हणजे फॉस्फेट लागलेलं. खानापूरहून रोज बसने येणारी आमची एमएससीची एक विद्यार्थिनी परवा कोरी मेंब्रेन हातात घेऊन उभी राहिली. "मॅडम, बँडच नाही की हो. अँटिबॉडी मेली वाटतं." अँटिबॉडी मेलेली नव्हती. पेशींवर गार लायसिस बफर (पेशी विरघळवणारं द्रावण) ओतून ती चहाला गेली होती, आणि त्या बफरमध्ये फॉस्फटेज, म्हणजे प्रोटीनवरचं फॉस्फेट काढणारी एन्झाइमं, थांबवणारे इनहिबिटर घालायचे राहून गेले होते. चहा संपेपर्यंत फॉस्फेटही संपलं. आमच्या मदतनीस मामांचं पालुपद आहे, "स्वल्प तडीरी", जरा थांबा. बेळगावात सगळे थांबतात, पेशीतले फॉस्फटेज मात्र थांबत नाहीत.

फॉस्फो-स्पेसिफिक, म्हणजे फॉस्फेट लागलेलंच प्रोटीन ओळखणारी, अँटिबॉडी बाटलीत असते तेव्हा चांगलीच असते. बिघडतं ते दोन ठिकाणी: पेशी मारण्याच्या पहिल्या मिनिटांत, आणि दिसलेल्या बँडवर लगेच विश्वास ठेवण्यात. म्हणून या लेखात त्या दोन टोकांवरच जास्त लिहिलंय. मधला जेल-ट्रान्स्फरचा भाग तुम्हाला येतोच.

हे प्रोटीन आहे तरी काय

बीटा-कॅटेनिन दोन नोकऱ्या करतं. पेशीच्या पडद्याला आतून चिकटून ते ई-कॅडहेरिनची शेपटी धरतं, आणि अल्फा-कॅटेनिनच्या मदतीने तिला ॲक्टिनच्या सांगाड्याशी जोडतं. शेजारच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या या जोडणीवर. रोल्फ केमलर यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही प्रोटीनं ओळखली आणि लॅटिनमधल्या साखळीच्या शब्दावरून त्यांना कॅटेनिन हे नाव दिलं. दुसरी नोकरी निरोप्याची. डब्ल्यूएनटी या बाहेरून येणाऱ्या संकेत-प्रोटीनचा संदेश आला की हेच प्रोटीन साचतं, केंद्रकात जातं आणि टीसीएफ कुटुंबातल्या प्रोटीनना धरून जनुकं चालू करतं. फळमाशीत याच्या भावंडाचं नाव आर्माडिलो.

संदेश नसतो तेव्हा पेशी मोकळं बीटा-कॅटेनिन साठू देत नाही. ॲक्सिन आणि एपीसी या प्रोटीनच्या चौकटीत ते पकडलं जातं. आधी केसीन कायनेज-१ (कायनेज म्हणजे फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) सेरीन-४५वर, म्हणजे साखळीतल्या ४५व्या अमिनो आम्लावर, फॉस्फेट बसवतं, मग जीएसके-३ हे दुसरं कायनेज थ्रिओनीन-४१, सेरीन-३७ आणि सेरीन-३३ या क्रमाने पुढे सरकतं. ३३ आणि ३७वरची खूण बीटा-टीआरसीपी हे प्रोटीन ओळखतं, युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची माळ घालतं आणि प्रोटिअसोम, पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, ते गिळून टाकतं.

इथेच तुमची खरी अडचण आहे. इतर बऱ्याच प्रोटीनमध्ये फॉस्फोरिलेशन म्हणजे चालू झाल्याची खूण. इथे ती कपाळी मरण लिहिल्याची खूण आहे, आणि ते मरण काही मिनिटांवर असतं. निरोगी पेशीत ३३/३७/४१वर फॉस्फेट असलेलं बीटा-कॅटेनिन कोणत्याही क्षणी फार थोडं सापडतं. नेहमीच्या लायसेटमध्ये (विरघळवलेल्या पेशींच्या रसात) बँड न दिसणं हा कित्येकदा दोष नसून जीवशास्त्र असतं.

मागवण्याआधी: कोणती जागा?

"फॉस्फो-बीटा-कॅटेनिन" एवढं लिहून ऑर्डर देणं म्हणजे "बेळगावला जायचंय" एवढंच सांगून रिक्षात बसणं. टिळकवाडी की वडगाव, ते कोण सांगणार?

सेरीन-३३/सेरीन-३७/थ्रिओनीन-४१ ही विनाशाची खूण. सेरीन-४५ ही त्याआधीची तयारी. सेरीन-५५२वर मुख्यतः एकेटी हे कायनेज फॉस्फेट बसवतं आणि सेरीन-६७५वर पीकेए. या दोन्हींचा संबंध प्रोटीन टिकण्याशी आणि जनुकं चालू होण्याशी, म्हणजे अर्थ जवळपास उलटा. टायरोसीन-६५४वर फॉस्फेट बसलं की ई-कॅडहेरिनवरची पकड सैल होते, टायरोसीन-१४२वर बसलं की अल्फा-कॅटेनिनवरची. प्रश्न पेशींच्या चिकटण्याचा असेल तर टायरोसीनच्या जागा बघा, डब्ल्यूएनटीचा असेल तर ३३/३७/४१. दोन्हींचं उत्तर एका बाटलीत मिळत नाही.

आणखी एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलेय. "ॲक्टिव्ह बीटा-कॅटेनिन" नावाच्या अँटिबॉडी बाजारात असतात, उदाहरणार्थ ८ई७ हा क्लोन. ती ३७ आणि ४१वर फॉस्फेट नसलेलं प्रोटीन ओळखते. नावात ३७ आणि ४१ हे आकडे दिसले म्हणून मी घाईत मागवली आणि तीन आठवडे सगळे निकाल उलटे येत होते. जीएसके-३चा इनहिबिटर घातला की बँड वाढतोय! मी जीएसके-३लाच दोष देत बसले होते. माहितीपत्रकाची पहिली ओळ पुन्हा वाचली तेव्हा उजेड पडला.

पत्रकात एवढं बघाच: कोणत्या प्राण्यातली आहे, पॉलिक्लोनल की मोनोक्लोनल, ब्लॉटसाठी तपासलीय की फक्त पॅराफिन काप्यांसाठी (मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ चकत्यांसाठी), आणि खात्रीसाठी कोणता पुरावा छापलाय. पॉलिक्लोनल अशी बनते: फॉस्फेट लावलेला छोटा पेप्टाइड मोठ्या वाहक प्रोटीनला जोडून सशाला टोचतात, मग सीरम आधी बिनफॉस्फेटच्या पेप्टाइडच्या कॉलममधून काढून नको असलेल्या अँटिबॉडी बाजूला करतात, आणि उरलेलं फॉस्फो-पेप्टाइडच्या कॉलमवर पकडतात. ही पहिली चाळणी ढिली राहिली तर बिनफॉस्फेटचं बीटा-कॅटेनिनही दिसत राहतं. ही ढिलाई प्रत्येक लॉटमध्ये (एकदम बनवलेल्या खेपेत) वेगळी असू शकते.

पार्सल आणि फ्रीज

आपल्याकडे माल बहुधा बेंगळुरू, मुंबई किंवा हैदराबादहून येतो. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात घाम गाळत बसतं, म्हणून सोमवारी रवाना करा असं विक्रेत्याला लेखी कळवा. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आगेमागे आणि डिसेंबरात इथे विधिमंडळाचं अधिवेशन असताना कोल्हापूर-बेळगाव वाहतूक कधी अडेल याचा नेम नसतो. ते आठवडे टाळलेले बरे. तसं बघता, ग्लिसरॉल असलेली अँटिबॉडी जेल-पॅकवर दोन दिवस काढते. पॅक वितळला म्हणून लगेच परत पाठवू नका, आधी एक ब्लॉट करून बघा.

५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती उणे २० अंशांवर गोठत नाही, लहान भाग करायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलीटरचे भाग करून ठेवा. आपोआप बर्फ काढणारा घरगुती फ्रीज वापरू नका, तो वारंवार गरम-गार होतो. लाईट गेली की दार उघडून "अजून गार आहे का" बघायचा मोह आवरा. बाटली थर्माकोलच्या डब्यात, भोवती गोठवलेले जेल-पॅक, एवढं केलं तर काही तासांचं भारनियमन ती सहज सोसते.

आदल्या दिवशी

सहा विहिरींची (पेशी वाढवायच्या खळग्यांची) प्लेट घ्या आणि सगळीकडे सारख्याच पेशी टाका. पहिल्या प्रयोगाला एचईके-२९३ किंवा हेला या माणसाच्या पेशी चालतील. खात्रीसाठी हेपजी२ जवळ असू द्या, कारण पुढे सांगते. या पेशींच्या ओळी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून मागवता येतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडचा ओलावा शहरभर पसरला की इनक्युबेटरमध्ये बुरशी लवकर धरते. जुलै-ऑगस्टमध्ये त्यातल्या ट्रेचं पाणी दर आठवड्याला बदला.

गर्दी किती, ते ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी तेवढीच ठेवा. पेशी एकमेकींना खेटल्या की कॅडहेरिनजवळचं बीटा-कॅटेनिन वाढतं. सोमवारची प्लेट ६० टक्के आणि गुरुवारची १०० टक्के भरलेली असेल तर तुम्ही औषधाचा परिणाम मोजत नसून गर्दीचा मोजताय.

ऑर्थोव्हॅनॅडेट करायला वेळ काढा. टायरोसीन फॉस्फटेज त्याच्यानेच थांबतात, पण बाटलीतली पूड नुसती विरघळवून चालत नाही. २०० मिलिमोलर द्रावण करा, पीएच १० करा. ते पिवळं दिसेल. रंग जाईपर्यंत उकळा, गार करा, पीएच पुन्हा १०वर आणा. पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळा. रंगहीन राहायला लागलं की झालं; छोटे भाग करून गोठवा. शेवटची मात्रा १ मिलिमोलर. ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही त्याला निकामी करतात, त्यामुळे लायसिस बफरमध्ये हे तिघं एकत्र नांदवू नका. सेरीन-थ्रिओनीनच्या जागांसाठी खरं काम सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट करतात: फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर, ग्लिसरोफॉस्फेट १०. फक्त व्हॅनॅडेट घालून ३३/३७/४१ शोधणारे मी बरेच पाहिलेत. कुलूप एका दाराला, चोर दुसऱ्या दाराने.

औषधं: सहा विहिरी

एमजी-१३२ प्रोटिअसोमला अडवतं, म्हणजे खूण लागलेलं प्रोटीन गिळलं न जाता साचतं. डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर साठा करा. १ मिलीलीटर माध्यमात १ मायक्रोलीटर टाकला की १० मायक्रोमोलर होतं. चार ते सहा तास पुरतात. रात्रभर ठेवू नका, पेशी मरायला लागतात आणि मग काहीही दिसतं.

सीएचआयआर-९९०२१ जीएसके-३ला अडवतं, ३ मायक्रोमोलर. ते महाग वाटलं तर लिथियम क्लोराइड २० मिलिमोलर. मात्र सोबत तेवढंच सोडियम क्लोराइड घातलेली विहीर ठेवा, नाहीतर मिठाचाच परिणाम मोजाल.

पहिली विहीर नुसती डीएमएसओची. दुसरी एमजी-१३२. तिसरी सीएचआयआर. चौथी दोन्ही, आणि तीत सीएचआयआर अर्धा-एक तास आधी. पाचवी दुसरीसारखीच, फॉस्फटेजच्या चाचणीसाठी. सहावीत तुमचा स्वतःचा प्रश्न.

चौथी विहीर या सगळ्या प्रयोगाचा कणा आहे. तिथे प्रोटीन भरपूर आहे पण खूण लावणारा हात बांधलेला आहे. दुसरीत फॉस्फो-बँड ठळक आणि चौथीत नाही, तर तुमची ३३/३७/४१ची अँटिबॉडी फॉस्फेटच बघतेय. दोन्हींत सारखाच ठळक असेल तर ती साधी बीटा-कॅटेनिनची अँटिबॉडी आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

पहिली दोन मिनिटं

ट्रिप्सिनला हात लावायचा नाही. ट्रिप्सिन कॅडहेरिनची बाहेरची बाजू कापतं, पेशी सुटतात, आणि तुम्हाला बघायची असलेली अवस्थाच मोडते. कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या बफरने) बराच वेळ धुतलं तरी सांधे उघडायला लागतात. धुवायचं तर कॅल्शियम असलेलं बर्फगार बफर, एकदाच, पटकन.

माझी पद्धत गरम एसडीएस या कडक डिटर्जंटची आहे, आरआयपीए या नेहमीच्या गार लायसिस बफरची नव्हे. आरआयपीए वाईट नाही. पण त्यात पेशी विरघळत असताना एन्झाइम काही काळ जिवंत असतात आणि सगळी भिस्त इनहिबिटरवर राहते. उकळत्या एसडीएसमध्ये कायनेज आणि फॉस्फटेज दोघंही जागच्या जागी आडवे होतात. ज्या प्रोटीनचं आयुष्य मिनिटांत मोजायचं, त्याला हेच बरं.

बफर साधा: १ टक्का एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, त्यात फ्लोराइड आणि ग्लिसरोफॉस्फेट. डीटीटी आणि निळा रंग आत्ता नको. ब्लॉकवर ९५ अंशांला तापवून ठेवा. (आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे उकळतं पाणीही इथे ९७-९८ अंशांवरच असतं. कामाला तेवढं पुरतं.)

एका वेळी एकच विहीर. माध्यम ओढून टाका, गार बफर एकदा फिरवून ओढा, लगेच १५० ते २०० मायक्रोलीटर गरम एसडीएस ओता. स्क्रेपरने खरवडा, ट्यूबमध्ये घ्या, पाच मिनिटं उकळा. मग पुढची विहीर. सहाही विहिरींतलं माध्यम एकदम काढून ठेवलं तर सहावी विहीर पहिलीपेक्षा पाच मिनिटं जास्त उघडी पडते, आणि तो फरक ब्लॉटवर दिसतो. विहिरींचा क्रम आणि वेळ वहीत लिहा. दुसरं माणूस मोबाईलवर घड्याळ लावून शेजारी उभं असेल तर उत्तम. आमच्याकडे ते काम मामांना देतो, तेवढा वेळ "तडीरी" बंद.

लायसेट चिकट, नाकातल्या शेंबडासारखं होईल. तो डीएनए आहे. इन्सुलिनच्या सिरिंजमधून आठ-दहा वेळा ओढा किंवा सोनिकेट करा. त्यानंतर ट्यूब बर्फात ठेवू नका. एसडीएस गारठून पांढरं होतं, आणि नवशिक्यांना वाटतं प्रोटीन बाहेर पडलं.

प्रोटीन मोजायला बीसीए वापरा, तो एवढं एसडीएस सहन करतो. ब्रॅडफर्ड करत नाही. मोजून झालं की मगच डीटीटी आणि रंग असलेला सॅम्पल बफर. उरलेलं ३०-३० मायक्रोलीटरचे भाग करून उणे ८०ला ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा.

जेल आणि मेंब्रेन, थोडक्यात

८ किंवा १० टक्के जेल, लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम. बीटा-कॅटेनिन ७८१ अमिनो आम्लांचं आहे आणि ९२ किलोडाल्टनच्या आसपास धावतं. एका फॉस्फेटचं वजन ८० डाल्टन, म्हणजे फॉस्फो-बँड वर सरकलेला दिसेल ही आशा सोडा. तीच लायसेट दोन जेलांवर लावा: एक फॉस्फोसाठी, एक एकूण बीटा-कॅटेनिनसाठी. मेंब्रेन स्ट्रिप करून (अँटिबॉडी धुऊन काढून) पुन्हा वापरणं काटकसरीचं वाटतं, पण स्ट्रिप करताना किती प्रोटीन गेलं ते कळत नाही आणि गुणोत्तर बिघडतं. करायचंच झालं तर फॉस्फो आधी, एकूण नंतर.

पीव्हीडीएफ मिथेनॉलमध्ये भिजवून घ्या, ओला ट्रान्स्फर १०० व्होल्टला दीड तास, टाकीत बर्फाचा ठोकळा. मग पाँसो (सगळी प्रोटीनं दाखवणारा लाल रंग), आणि मोबाईलवर त्याचा फोटो. वाद झाला की हा फोटोच कामाला येतो.

ब्लॉकिंग आणि अँटिबॉडी

दूध नको. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रोटीन आहे, त्याने पार्श्वभूमी वाढू शकते. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), टीबीएस (फॉस्फेट नसलेला ट्रिसचा बफर) आणि ०.१ टक्का ट्वीन या डिटर्जंटमध्ये, एक तास. पीबीएसमधला फॉस्फेट अँटिबॉडीला आडवा येतो, हे सगळेच सांगतात. तो प्रत्येक वेळी येतोच असं नाही, पण टीबीएस वापरायला जास्त काही पडत नाही, म्हणून मी वाद घालत नाही.

प्रायमरी (बीटा-कॅटेनिनला धरणारी अँटिबॉडी) १:१००० पासून सुरू करा, त्याच बीएसएमध्ये, ४ अंशांना रात्रभर, हळू हलवत. पुन्हा वापरायची असेल तर ०.०२ टक्के ॲझाइड घाला. पण सेकंडरीत (प्रायमरीला धरणाऱ्या अँटिबॉडीत) ॲझाइडचा थेंबही नको, तो तिला जोडलेल्या एचआरपी या एन्झाइमला मारतो. सकाळी तीन धुण्या, दहा-दहा मिनिटांच्या. सशाविरुद्धची एचआरपी सेकंडरी १:५००० ते १:१००००, एक तास. पुन्हा तीन धुण्या. ईसीएल (एचआरपीपाशी प्रकाश देणारं द्रावण) घालून पाच सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं अशी मालिका घ्या. एकच लांब एक्स्पोजर घेतलं तर सगळे बँड भरून जातात आणि फरक हरवतो.

बँड दिसला. पण कोणाचा?

९२च्या आसपास काहीतरी दिसलं की मुलं नाचायला लागतात. मी आधी तीन गोष्टी मागते.

पहिली, वर सांगितलेली दुसऱ्या आणि चौथ्या विहिरीची तुलना. एमजी-१३२च्या लेनमध्ये मुख्य बँडच्या वर शिडीसारखे फिकट पट्टे दिसले तर घाबरू नका. त्या युबिक्विटिनच्या माळा आहेत, उलट शुभ लक्षण.

दुसरी, लॅम्डा फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट मुद्दाम काढून टाकणारं एन्झाइम. पाचवी विहीर दोन लेनमध्ये चालवा, ट्रान्स्फरनंतर मेंब्रेनच्या दोन पट्ट्या करा, बीएसएने ब्लॉक करा. एका पट्टीला १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड असलेल्या बफरमध्ये एन्झाइम, मिलीलीटरला साधारण ४०० युनिट. दुसरीला तेच बफर, एन्झाइमशिवाय. ३७ अंशांवर एक-दोन तास. मँगनीज विसरलात तर एन्झाइम झोपून राहतं आणि तुम्ही चांगल्या अँटिबॉडीला खोटं ठरवता. एन्झाइमच्या पट्टीवरचा फॉस्फो-बँड जायला हवा, आणि नंतर त्याच पट्टीवर एकूण बीटा-कॅटेनिन दिसायला हवं. फॉस्फो गेला आणि एकूणही गेलं तर प्रोटीनच धुऊन निघालंय.

तिसरी माझी आवडती: हेपजी२. यकृताच्या या कर्करोगपेशींत बीटा-कॅटेनिनची एक प्रत पूर्ण आहे आणि दुसरीत २५ ते १४० हा तुकडाच नाही, म्हणजे ३३, ३७, ४१, ४५ सगळ्या जागा गायब. एकूणच्या ब्लॉटवर दोन बँड दिसतात, ९२ला आणि ७५च्या थोडं वर. फॉस्फोच्या ब्लॉटवर फक्त वरचा दिसायला हवा. एकाच लेनमध्ये, एकाच पेशीत निसर्गाने ठेवलेली साक्ष. त्यासाठी एकूणची अँटिबॉडी मात्र सी-टोकाकडची (साखळीच्या शेवटाची) हवी. एन-टोकाकडची (सुरुवातीची) असेल तर खालचा बँड तिला दिसणारच नाही.

फॉस्फो-पेप्टाइड मिळत असेल तर अँटिबॉडी आधी त्यात मुरवून बघा. बँड जायला हवा, आणि बिनफॉस्फेटच्या पेप्टाइडने जायला नको. पण पेप्टाइडने बँड गेला एवढ्यावर समाधान मानू नका. चुकीच्या प्रोटीनला चिकटलेली अँटिबॉडीसुद्धा पेप्टाइडने सुटते.

इतर बँडांबद्दल दोन सूचना. ८२ किलोडाल्टनच्या जवळ प्लाकोग्लोबिन असतं, बीटा-कॅटेनिनचं सख्खं भावंड, आणि त्याचा एन-टोकाचा भाग पुष्कळ सारखा आहे. आणि ३६ ते ३९च्या दरम्यान काही उजळलं तर आयकॅपाबी-अल्फा हे वेगळं प्रोटीन आठवा: त्यातही बीटा-टीआरसीपी ओळखते तोच आकृतिबंध आहे, दोन सेरीन आणि मध्ये तीन अमिनो आम्लं. तेही एमजी-१३२ने साचतं, म्हणून फसवणूक दुहेरी.

गुणोत्तर काढताना

फॉस्फो भागिले एकूण, आणि एकूण भागिले व्हिंक्युलिन किंवा जीएपीडीएच (लेनमध्ये प्रोटीन किती भरलं ते सांगणारी प्रोटीनं). ॲक्टिनबद्दल मी इथे जरा साशंक असते, कारण आपण सांध्यांचंच प्रोटीन बघतोय आणि पेशी पसरल्या-आकसल्या की ॲक्टिनचा हिशोब हलू शकतो.

खरी गोम पुढे आहे. एपिथेलियल पेशींत बहुतेक बीटा-कॅटेनिन कॅडहेरिनपाशी बांधलेलं आणि टिकाऊ असतं. विनाशाच्या चक्रात फिरतो तो मोकळा, छोटा साठा. तो दुप्पट झाला तरी एकूणचा बँड जवळपास तसाच दिसतो, कारण पडद्याजवळचा ढीग त्याला झाकून टाकतो. "सीएचआयआरने एकूण वाढलं नाही" म्हणून औषध फेकू नका. कॅडहेरिन नसलेल्या उंदराच्या एल पेशी वापरा, किंवा साखर लागलेली प्रोटीनं पकडणाऱ्या कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए मण्यांनी कॅडहेरिन आणि त्याला धरलेलं सगळं काढून उरलेल्या भागात बघा. या दुसऱ्या वाटेत गरम एसडीएस चालत नाही, म्हणून तिथे सगळे इनहिबिटर हवेतच, आणि काम बर्फावर.

तीन वेळा म्हणजे तीन वेगळ्या दिवशीच्या पेशी. एकच लायसेट तीन जेलांवर लावून तीन आकडे मिळतात, प्रयोग एकच राहतो.

बायोप्सीवर वापरायची असेल तर

निपाणीचा पट्टा तंबाखूचा, त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाच्या गाठींवर फॉस्फो-अँटिबॉडी लावून बघायची कल्पना आपल्याकडे दर वर्षी कोणाला तरी सुचते. कल्पना चांगली आहे, पण गाठ रुग्णापासून सुटल्यावर फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला, ते आधी विचारा. तेवढा वेळ फॉस्फटेज मोकळे असतात. फॉर्मलिन तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरतं. मोठी गाठ न कापता बुडवली तर मधला भाग तासन्‌तास तसाच असतो, आणि कडेला रंग, मध्ये कोरं असं चित्र येतं. कोणीतरी त्याला ट्यूमरचं जीवशास्त्र समजून प्रबंधात लिहितं. पातळ काप, दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, आणि शस्त्रक्रियेपासूनची मिनिटं फॉर्मवर लिहिलेली, एवढं ठरवून घेतल्याशिवाय जुने ब्लॉक उकरू नका. ब्लॉटवर खरी ठरलेली अँटिबॉडी काप्यांवरही खरी ठरेलच असं नाही. एका कापीला लॅम्डा फॉस्फटेज देऊन शेजारच्या कापीशी तुलना इथेही करावी लागते.

बाटली संपत आली की

वहीत फक्त कॅटलॉग नंबर लिहून भागत नाही, लॉट नंबरही लिहा. नवीन बाटली मागवताना जुनीतले शेवटचे १० मायक्रोलीटर बाजूला ठेवा. नवीन आली की दुसऱ्या आणि चौथ्या विहिरीची गोठवलेली लायसेट काढा, एकाच जेलवर दोनदा लावा, मेंब्रेन मधोमध कापा, अर्धी जुन्या लॉटला, अर्धी नव्या लॉटला. खानापूरच्या त्या मुलीने गेल्या आठवड्यात हेच केलं. नवा लॉट १:१०००ला चौथ्या लेनमध्येही फिकट दिसत होता, १:२०००ला नाही. आता डब्याच्या झाकणावर तिने मार्करने मोठ्ठं १:२००० लिहून ठेवलंय, खाली तारीख.